गिटारच्या तारा बदलताना पॉलिश कसं वाचवायचं

माझ्या गिटारवर ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या, खाली मसुराएवढा एक खड्डा आहे. कॉलेजात असताना पाडला. ब्रिजच्या भोकात तार धरून ठेवणारी पिन निघेना म्हणून पकड लावली, पिन सुटली आणि पकडीचं नाक थेट लाकडात. वडील मिरजेत फर्निचर पॉलिशचं काम करायचे. त्यांनी खड्ड्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, “एन.सी., म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश असतं तर थेंब थेंब सोडून भरलं असतं, जुन्या थरात विरघळून एकजीव झालं असतं. हे पॉलिएस्टर आहे बाळा, राहू दे आता.” पकड मात्र काढून घेतली.

आता ओळखीतली पोरं तारा बदलायला गिटार माझ्याकडे आणतात. खालचं सगळं स्टीलच्या तारांच्या, पिनवाल्या अकूस्टिक गिटारसाठी. नायलॉनच्या गिटारला ते लागू नाही, आणि तिला स्टीलच्या तारा चुकूनही लावू नका, ब्रिज उचकटेल.

आधी स्वतःकडे बघा. पट्ट्याचं बक्कल, अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. गिटार पलंगावर, झटकलेल्या सुती चादरीवर उताणी ठेवा आणि मानेखाली टॉवेलची गुंडाळी द्या. योगा मॅट, रेक्झिन, रबर नको. पॉलिश एन.सी. असेल तर त्यांतली रसायनं ते मऊ करतात आणि मॅटची नक्षी गिटारच्या पाठीवर उमटते.

मग लग्नपत्रिका शोधा. चेष्टा नाही. जाड पुठ्ठ्याची, एका बाजूने गुळगुळीत. तिला ब्रिजच्या आकाराची खाच कापा आणि ब्रिजला चिकटून गिटारच्या पोटावर सरकवा, गुळगुळीत बाजू खाली, सोनेरी गणपती वर. चिकटपट्टी लावू नका, काढताना पॉलिश घेऊन येते. हत्यार निसटणारच आहे असं धरून चालायचं. निसटलं की पत्रिकेवर पडावं, एवढंच.

तारा एकदम सगळ्या काढायच्या की एकेक? बारा-त्रेपन्नच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच, सगळ्यात जाड ०.०५३ इंच) सेटमध्ये सहा तारांचा ताण मिळून सुमारे ७० किलो असतो. तासाभरासाठी तो गेला म्हणून मान वाकडी होत नाही. पण सगळ्या निघाल्या की ब्रिजवरची पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, कधीकधी सुटून पडते आणि उलटी बसवली जाते. म्हणून फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं दाबायची पट्टी, पुसायचा नसेल तेव्हा मी एकेकच बदलतो.

तार पूर्ण ढिली होऊन लोंबेपर्यंत किल्ली फिरवा. ताणलेली तार कापू नका, तिचा फटका पॉलिशलाच काय, डोळ्यालाही बसेल. ढिली झाली की बाराव्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कापा. अख्खी तार ओढून काढली तर किल्लीकडचं वेटोळं हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या टोकाला किल्ल्या असतात त्या फळीच्या, चकचकीत तोंडावरून खरडत येतं, आणि मी पाहिलेले निम्मे ओरखडे तिथलेच आहेत.

आता पिन. जोर लावण्याआधी तार पिनजवळ धरून आत ढकला. तारेच्या टोकाचा गोल मणी पिनच्या बुडाशी अडकलेला असतो, तो खाली गेला की पिन बहुधा बोटांनीच येते. नाही आली तर वाइंडरच्या (किल्ली भरभर फिरवायच्या हँडलच्या) खाचेने उचला, पण वाइंडरचा टेकू ब्रिजवर नको, पत्रिकेची आणखी एक घडी मध्ये ठेवा. तरीही हटून बसली तर गिटारच्या पोटावरच्या मोठ्या भोकातून हात आत घाला आणि रुपयाच्या नाण्याने पिन खालून वर दाबा. पकडीचं नावही काढू नका. निघालेल्या पिना थर्माकोलच्या तुकड्यात ओळीने खोचून ठेवा, म्हणजे जिची तिच्या भोकात जाते.

मोकळ्या जागेवर साठलेला घामाचा थर काढायला तोंडाची वाफ आणि जुन्या सुती साडीचा तुकडा पुरतो. स्पिरिट आणि थिनर लांब ठेवा. आमच्याकडे सतारमेकर गल्लीतल्या वाद्यांवर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश असतं. चपडा स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात, म्हणजे पुसायला स्पिरिट घेतलं की तो परत विरघळणार. एन.सी.चीही थिनरशी तीच गत. फ्रेटबोर्ड काळपट, बिनपॉलिशचा असेल तर लेमन ऑइलचे दोन थेंब, आणि लगेच कोरडा पुसा. खोबरेल नको, चिकट राहतं आणि धूळ धरतं.

नवी तार लावताना मण्याजवळचा सेंटिमीटरभर भाग किंचित वाकवा आणि आत सोडा. पिनची खाच मोठ्या भोकाकडे, म्हणजे तार जिकडे जाते तिकडे. अंगठ्याने पिन दाबत दुसऱ्या हाताने तार वर ओढा. मणी आतल्या फळीला टेकला की ‘टक्’ असं हाताला कळतं. ओढताना पिन वर येत असेल तर मणी पिनच्या बुडाखाली आहे. ठोकू नका, काढून परत बसवा.

वरच्या टोकाला मी पुढच्या खुंटीपर्यंत तार जास्त घेतो. जाड तारेला दोन-तीन वेढे, बारीक तारेला एखादा जास्त, आणि प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली. तार दोन्ही बाजूंना खुंटीच्या आतल्या अंगाने जाते. किल्ली फिरते तशी तारेची उरलेली शेपटी चाबकासारखी फिरते, म्हणून सुरुवातीलाच तिचं कडं करून सैल पीळ घाला. वाइंडर शेवटच्या दोन वेढ्यांना बाजूला ठेवा, तो हेडस्टॉकवर आपटतो.

४४० हर्ट्झच्या ‘ला’वर (इंग्रजी A) स्वर लावा, तार मधोमध हळूच उचलून ताणा, उतरेल, परत लावा. तीन-चार वेळा. तार स्थिरावली की शेपटी आधी खुंटीपाशी काटकोनात वाकवा आणि मग तीन मिलिमीटर ठेवून कापा. न वाकवता कापलं तर जाड तारेवरचं वेष्टण आतून सरकू शकतं. कापताना शेपटी दुसऱ्या हातात धरा.

तुकडे डब्यात टाकताना मोजा. सहाही तारा बदलल्या असतील तर जुन्यांचे बारा, शेपट्यांचे सहा. अठरा भरले नाहीत तर गिटार चादरीवरून सरकवू नका, सरळ वर उचला. उरलेला तुकडा बहुतेक तिच्या पाठीखाली आहे.