जुन्या नाशकातून कॉलेज रोडला निघालेल्या बहिणीसाठी

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या मैत्रिणीला चिकटून मागच्या बाकावर बसावंसं वाटेल. बस, पण प्रॅक्टिकलला पार्टनर मात्र दुसरी घे. टायट्रेशन करताना एक ब्युरेट सांभाळते, दुसरी फ्लास्क हलवते. गप्पा आपोआप सुरू होतात. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण सिन्नरची. ती मला अशीच भेटली.

“तुझं मराठी किती छान आहे गं!” हे कानावर येईलच. बोलणारीच्या मनात बहुधा काही नसतं, तरी टोचतं. गप्प बसू नकोस. “आम्ही कोकणीपुऱ्यातले, पिढ्यान्‌पिढ्या नाशिकचेच,” एवढं शांतपणे सांग.

मला कॉलेज आपलं वाटलं ते एनएसएसमुळे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेमुळे. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिराचं नाव काढलं की घरातून ‘नाही’ येणार. वाद घालू नकोस, अब्बांना कॉलेजात घेऊन ये. मुली झोपणार कुठे, रात्री सोबत कोणत्या मॅडम, जेवणात काय, हे त्यांनाच मॅडमना विचारू दे. माझे अब्बा त्या भेटीनंतरच तयार झाले. अम्मीने तर बॅगेत लोणच्याची बरणीही ठेवली. आमचं शिबिर त्र्यंबकच्या बाजूच्या एका पाड्यावर होतं. दिवसा वनराई बंधाऱ्यासाठी मातीच्या गोण्या एकमेकींच्या हाती द्यायच्या, संध्याकाळी भाकरी थापायच्या. तिथे मी ‘ती मुस्लिम मुलगी’ नव्हते. “हिची भाकरी फुगते, हिला तव्याजवळ बसवा,” असं सगळ्याजणी म्हणायच्या.

रमजानमध्ये प्रॅक्टिकल आली, तर सकाळची बॅच आधीच अर्ज देऊन माग. नमाजसाठी जागा हवी असेल तर मॅडमना सरळ विचार. लपून जिन्याखाली उभं राहू नकोस.

शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म भरण्याआधी आधार आणि मार्कशीटवरचं नाव ताडून बघ. आपल्याकडे ‘शेख’ कधी पुढे येतं, कधी मागे, आणि शिष्यवृत्ती तिथेच अडकते.

आणि कुणी हिजाबवरून, आडनावावरून त्रास दिलाच, तर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१२ चे नियम तुझ्या बाजूने आहेत. धर्मावरून भेदभाव झाला तर कॉलेजच्या समान संधी कक्षाकडे तक्रार करता येते. लेखी दे. तारीख, वेळ, कोण काय बोललं ते त्याच दिवशी लिहून ठेव. दोन प्रती काढ, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नकोस.