आपल्याच फोटोंकडे परक्या नजरेने कसं पाहावं

घरच्या किंवा सहलीच्या फोटोंचं परीक्षण करताना खरी अडचण फोटो काढणाऱ्याच्या आठवणीची असते. फोटोत न उतरलेलं हसणं, आधीची गंमत तो मनातून भरून काढतो. म्हणून निवड लगेच करू नका, आठवडाभर जाऊ द्या. मग तिथे हजर नसलेल्या कुणाला तरी फोटो पाच सेकंद दाखवा, स्क्रीन बंद करा आणि विचारा, 'काय चाललं होतं?' 'चौघं उभी आहेत' असं उत्तर आलं, तर फोटोत माणसं आहेत, गोष्ट नाही. 'मुलगी आजोबांना काहीतरी दाखवतेय' असं आलं, तर बाकीच्या उणिवा दुय्यम.

आता चौकट. आपण आपोआप चेहऱ्यांकडे बघतो, त्यामुळे तपासणी मुद्दाम कडांपासून सुरू करा. अर्धा कापलेला हात, कुणाची पिशवी, कोपऱ्यात पांढरंफटक आकाश: उजळ भाग आणि अक्षरं नजर पळवतात. खात्री करायची तर फोटो कृष्णधवल करून अंगठ्याएवढा करा. मुख्य माणूस पटकन सापडला नाही, तर तो मागच्या गोष्टींत मिसळला आहे. डोक्यातून उगवलेला खांब मात्र फोटो काढतानाच टाळायचा. एक पाऊल बाजूला सरकलं की बहुतेकदा काम होतं. चौकटीने माणूस कापायचाच झाला तर गुडघा, घोटा, मनगट अशा सांध्यांवर नको, मांडीच्या मध्यावर कापा.

सर्वांत जास्त दिसणारा दोष म्हणजे लांबून काढलेला फोटो. फोनची मुख्य लेन्स रुंद असते, म्हणजे एका चौकटीत बरंच काही मावतं (35 मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापात साधारण 24 ते 28 मिमी), त्यामुळे माणसं इवलीशी येतात. पण अगदी हातभरावरून चेहरा टिपला तर नाक मोठं दिसतं, आणि ग्रुप फोटोत कडेचे चेहरे ताणले जातात. चेहऱ्यासाठी दीड मीटरवर थांबून 2x, म्हणजे दुप्पट झूम, वापरा.

काढलेला फोटो क्रॉप करायला बिचकू नका. लांबी-रुंदी निम्मी केली की 12 मेगापिक्सेलचे 3 उरतात. 4×6 इंची प्रिंटला 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) 1200×1800 पिक्सेल, म्हणजे जेमतेम 2.2 मेगापिक्सेल लागतात. चौकटीचे आडवे-उभे तीन भाग पाडून मुख्य गोष्ट त्या रेषांवर ठेवायची, या एक-तृतीयांशाच्या नियमाला फार डोक्यावर घेऊ नये. माणूस जिकडे बघतोय तिकडे जागा आहे का, हे आधी पाहा.

'फोटो हलला' एवढं म्हणून भागत नाही. सगळंच फरपटलेलं असेल तर हात हलला. मागची भिंत स्पष्ट आणि मूल पुसट असेल तर शटर संथ होतं, म्हणजे प्रकाश आत घेणारी झडप जास्त वेळ उघडी राहिली. धावत्या मुलासाठी शटरचा वेग 1/500 सेकंद धरा, आणि प्रकाश कमी असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) वाढवा. थोडे दाणे दिसलेले परवडतात.

एकसारख्या दहांतून एक ठेवताना हातांकडे बघा. प्रसंग बऱ्याचदा तिथेच कळतो. एखाद्या माणसाचा तो एकुलता एक फोटो असेल, तर तो कितीही पुसट असला तरी डिलीट करू नका.