जॅझ आणि मेटल एकत्र वाजवताय? या चुका टाळा

सांगलीच्या विश्रामबागेत माझी प्रॅक्टिस रूम आहे, बँडना सराव करायची खोली. दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी पोरांचा नवा बँड येतो आणि सांगतो, "दादा, लाउंज जॅझ आणि हेवी मेटल मिक्स करायचंय." मला मनापासून आनंद होतो, कारण ही दोन घराणी एकमेकांना परकी नाहीतच. ब्लॅक सबाथ या मेटल बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली. त्यानंतर त्याला पुन्हा गिटार उचलायची हिंमत दिली ती जँगो राइनहार्टच्या रेकॉर्डने, आणि जँगो म्हणजे आगीत दोन बोटं निकामी झालेला जॅझवाला. पण तीच ती चूक दर वेळी नव्याने बघायचा आता कंटाळा आला, म्हणून लिहून ठेवतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जॅझची भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेला सुरांचा गुच्छ, डिस्टॉर्शनमधून वाजवणं. डिस्टॉर्शन म्हणजे मेटल गिटारचा तो फाटलेला, खरखरीत आवाज, पायाखालचं पेडल दाबून काढलेला. सी मेजर सेव्हन्थ म्हणजे सा-ग-प-नी. साध्या आवाजात ही कॉर्ड मखमलीसारखी लागते. पेडल दाबलं की चिखल. मग पोरं पेडल बदलतात, ॲम्प बदलतात, घरच्यांकडून पैसे मागून नवं प्रोसेसर आणतात. दोष यंत्राचा नसतोच. डिस्टॉर्शन एकत्र वाजणाऱ्या सुरांची बेरीज-वजाबाकी करून नवे सूर काढतं. सा आणि प यांचं नातं दोनास तीन असं सरळ, त्यामुळे निघणारे सूरही साच्याच कुळातले असतात. नी आला की बिघडतं, कारण डिस्टॉर्शनने फुगवलेला वरचा सा आणि हा नी अर्ध्या सुराच्या अंतरावर एकमेकांना घासत राहतात.

पटत नसेल तर मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांकडे जा. जवारी, म्हणजे तारेचा झणत्कार, काढणारा कारागीर तारेखालची घोडी जराशी घासतो, तार छेडतो, कान लावून ऐकतो, पुन्हा घासतो. एवढा झणत्कार काढून शेवटी तंबोरा लावायचा कसा? बहुतेक वेळा प-सा-सा-सा. नाद इतका दाट असेल तर सूर मोजकेच ठेवायचे, हे आपल्या मातीत कधीचं ठरलेलं आहे. मेटलवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, ती तेवढीच, सा आणि प.

माझी सवय सांगतो. डिस्टॉर्शनवाल्याने सा-प सोडून काही धरायचं नाही, ग आणि नी कीबोर्डकडे. गिटार एकच असेल तर सा बेसला द्या, गिटारवर फक्त ग-नी वाजवा आणि गिटारच्या व्हॉल्यूमचा नॉब तीनवर आणा, म्हणजे डिस्टॉर्शन उतरतं. मी पेडल सतत चालू-बंद करत नाही, नॉबच फिरवतो.

दर आठ सेकंदांनी जॅझचं मेटल, मेटलचं जॅझ करू नका. ऐकणाऱ्याला बसायला जागा द्या.

दुसरी चूक मी स्वतः भोगली आहे. इथल्याच एका कॉलेजचं गॅदरिंग होतं. साउंड चेकला वेळ कमी, म्हणून आम्ही हळू आवाजाचा भाग वाजवून दाखवला. ड्रमरच्या हातात काठ्यांऐवजी तारांचे ब्रश, गायक माइकला ओठ लावून कुजबुजल्यासारखा गातोय. मागच्या रांगेतून "ऐकू येत नाही" अशी ओरड झाली तशी साउंडवाल्या काकांनी सगळे माइक वर ओढले. त्यांची काही चूक नव्हती, पुढे काय येणार हे आम्ही सांगितलंच नव्हतं. प्रत्यक्ष कार्यक्रमात आवाजाच्या त्याच मापावर बत्तिसाव्या मात्रेनंतर मेटल सुरू झालं. मॉनिटरने, म्हणजे आमच्याकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरने, अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतल्या मुलींनी कान झाकले, आणि एका बाजूचा स्पीकर कायमचा गेला. भरपाई आम्ही तिघांनी वाटून दिली.

तेव्हापासून चेकला सगळ्यात मोठ्या आवाजाचा तुकडा आधी वाजवतो आणि माप त्यावरच ठरवतो. काकांना गाण्यांचा कागद देतो, हळू जागा लाल पेनाने खुणावून, बाजूला लिहून की "इथे हात लावू नका." हळू भाग हळूच राहू द्यायचा. पब्लिक गप्प होतं, थोडा धीर धरा.

ड्रमरसाठी एवढंच की स्विंग, म्हणजे जॅझचा तो झोका, म्हणजे लंगडत वाजवणं नव्हे. एका मात्रेचे तीन भाग करा, पहिला आणि तिसरा वाजवा, हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटायची झांजांची जोडी, दोन आणि चारवर. दादरा अंगात असलेल्या पोराला हे पटकन येतं. पण लय जसजशी चढते तसतसे हे दोन ठोके सारख्या अंतरावर येत जातात, तिथे ओढून-ताणून झोका देऊ नका. मेटलमधून परत स्विंगवर येताना लय हमखास पळते. मेट्रोनोम लावून फक्त त्या वळणाची चार आवर्तनं घासा, अख्खं गाणं नको.

मिस्टर बंगल या जॅझ-मेटल सगळं मिसळणाऱ्या अमेरिकन बँडचं ऐकून पोरांना वाटतं की तुकडे जोडले की झालं. तो बँड १९८५ मध्ये शाळकरी पोरांनी सुरू केला आणि पहिला मोठा अल्बम आला १९९१ मध्ये. मधली सहा वर्षं ते वाजवत होते. माझ्याकडे तिसऱ्या आठवड्यात "दादा, रेकॉर्डिंग कधी?" विचारणाऱ्यांना मी आधी एक महिना डिस्टॉर्शनशिवाय बसवतो. पेडल माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

आणि ब्रशच्या दोन जोड्या जवळ ठेवा. तारा वाकतात, आणि ऐन वेळी कुणाकडेच नसतात.