अभियांत्रिकीचा ऑनलाइन प्रवेश अर्ज: दाखल्यांपासून पसंतीक्रमापर्यंत

दरवर्षी निकालानंतर माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी दोघे-तिघे तरी असे असतात, ज्यांना सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचाही अर्ज भरला असे वाटत असते. म्हणून आधी हे स्पष्ट करतो की, एमएचटी-सीईटीची नोंदणी ही परीक्षेपुरती असते. प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, म्हणजेच ‘कॅप’ची, नोंदणी निकालानंतर स्वतंत्रपणे करावी लागते. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, नांदेडचे एसजीजीएस आणि आपल्या तालुक्याजवळचे खासगी महाविद्यालय, या सर्वांच्या कॅपच्या जागा याच एका अर्जातून भरल्या जातात. ही नोंदणी मुदतीत झाली नाही, तर पर्सेंटाइल कितीही चांगला असला तरी कॅपच्या फेरीत जागा मिळत नाही.

अर्जाची पाने भरायला तासभर पुरतो, परंतु त्यासाठी लागणारे दाखले जमवायला कित्येक महिने लागतात. प्रवेश हुकतो तो बहुतेक वेळा गुणांमुळे नव्हे, तर दाखल्यांमुळे, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे दाखल्यांची तयारी बारावीच्या दिवाळीपर्यंत संपवावी, असे मी पालकांना कळकळीने सांगत असतो.

दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला सर्वांनाच लागतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ असे लिहिलेले आहे का आणि जन्मस्थान गाव, तालुका, जिल्ह्यासह नोंदलेले आहे का, हे आजच पाहून घ्यावे. ज्यांची दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रात झाली आहे, त्यांनी महाराष्ट्रात जन्म झाल्याचा पुरावा किंवा अधिवास प्रमाणपत्र यांपैकी एक द्यायचे असते. ते उमेदवारीच्या ‘ए’ प्रकारात येतात. शिक्षण बाहेरच्या राज्यात झाले, पण स्वतः किंवा आई-वडील महाराष्ट्राचे अधिवासी आहेत, असे विद्यार्थी ‘बी’ प्रकारात मोडतात. बेळगाव, खानापूर, निपाणी अशा वादग्रस्त सीमाभागात शिकलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘ई’ हा स्वतंत्र प्रकार आहे. सीमाभागातील अनेक कुटुंबांना याची कल्पनाच नसते, म्हणून त्याचा इथे मुद्दाम उल्लेख करतो.

आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांची कागदपत्रे अधिक असतात. जातीचे प्रमाणपत्र पुरेसे नसते, त्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्रही लागते आणि ते संबंधित पडताळणी समितीकडून मिळायला वेळ लागतो. अकरावीतच महाविद्यालयामार्फत प्रस्ताव पाठवला, तर ऐन वेळी धावपळ होत नाही. अनुसूचित जाती आणि जमाती सोडून इतर मागास प्रवर्गांना, म्हणजे इतर मागासवर्ग, भटक्या विमुक्त जाती-जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना, नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे, प्रमाणपत्रही द्यावे लागते. त्यावरील वैधतेची तारीख डोळ्यांत तेल घालून वाचावी. ही वैधता 31 मार्चला संपते, त्यामुळे मागील वर्षीचे प्रमाणपत्र जूनमध्ये बहुधा कालबाह्य झालेले असते. आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र राज्य शासनाच्या नमुन्यातच असावे लागते. केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र जेईईसाठी काढलेले असेल, तर ते इथे चालत नाही. प्रमाणपत्रासाठी केलेल्या अर्जाची केवळ पोचपावती हातात असेल, तर ती जोडून अर्ज पुढे नेण्याची सवलत देण्यात येते, परंतु ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र अपलोड झाले नाही की उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो.

नावाचा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या वडिलांचे नाव गुणपत्रिकेवर ‘दत्तात्रय’ आणि जातीच्या दाखल्यावर ‘दत्तू’ असे होते. दोन्ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र करण्यात तिचे तीन दिवस गेले आणि ते तीन दिवस अर्जाच्या मुदतीतले शेवटचे होते. सर्व कागद टेबलावर ओळीने मांडून प्रत्येकावरील नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अक्षरशः बोट ठेवून वाचावे, म्हणजे असा फरक आधीच सापडतो.

नोंदणी करताना मोबाइल क्रमांक आणि ई-मेल विद्यार्थ्याचा स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा द्यावा, सायबर कॅफेवाल्याचा कधीही देऊ नये. पुढील प्रत्येक टप्प्यावरचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. कागद फरशीवर ठेवून वरून काढलेल्या फोटोत हाताची सावली पडते आणि शिक्का वाचता येत नाही, म्हणून शक्यतो स्कॅनरवरच प्रत काढावी.

अर्ज भरून शुल्क भरले की काम संपले, असे समजू नये. त्यानंतर कागदपत्रांची छाननी होते. ती ई-छाननीने घरबसल्या करून घेता येते किंवा छाननी केंद्रावर प्रत्यक्ष जाऊनही करता येते. ई-छाननीत त्रुटी आढळली, तर अर्ज दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये परत येतो. तो दुरुस्त करून पुन्हा सादर करायचा असतो. इथे फार मुले अडकतात, कारण ती लॉगिन उघडून पाहतच नाहीत. अर्ज निश्चित झाल्याची पोचपावती हाती येईपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ लॉगिन तपासावे. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर आपला प्रवर्ग, गुण आणि उमेदवारीचा प्रकार बरोबर आहे का, हे पाहून चूक असल्यास तक्रार नोंदवण्याच्या दिवसांतच ती नोंदवावी. अंतिम यादीनंतर फारसे काही करता येत नाही.

आता पसंतीक्रम. मागील वर्षीचे कटऑफ सीईटी कक्ष स्वतःच प्रसिद्ध करतो, त्यामुळे ते विकत घेण्याची किंवा कुणा सल्लागाराला पैसे देण्याची गरज नाही. त्यातील ‘जीओपनएस’ किंवा ‘एलओबीसीएच’ ही अक्षरे पाहून मुले गोंधळतात, परंतु त्यांची फोड सोपी आहे. सुरुवातीचे जी म्हणजे सर्वसाधारण जागा आणि एल म्हणजे मुलींची जागा. मधला भाग प्रवर्ग सांगतो. शेवटचे एच म्हणजे स्वतःचे विद्यापीठ क्षेत्र, ओ म्हणजे अन्य विद्यापीठ क्षेत्र आणि एस म्हणजे राज्यस्तर. आपल्याला लागू असलेल्या ओळीच वाचाव्यात. शिक्षण शुल्क माफ असलेल्या टीएफडब्ल्यूएस जागांचा निवड संकेतांक (महाविद्यालय आणि शाखा दर्शवणारा क्रमांक) स्वतंत्र असतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांच्या आत असेल, तर तो यादीत वेगळा भरावा लागतो, आपोआप मिळत नाही.

संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेक विद्यार्थी घेतो आणि त्याची यादी वरून खाली वाचत जी पहिली जागा शिल्लक असेल ती देतो. म्हणून अवघड वाटणारे महाविद्यालय वर लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. क्रम मिळण्याच्या शक्यतेचा नव्हे, तर मनापासूनच्या इच्छेचा असावा, आणि यादी आखूड ठेवू नये. मात्र 2025-26 पासूनचे नियम ध्यानात ठेवावेत. त्या वर्षी चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी जागा मिळाली, तर ती आपोआप गोठवली जाते, म्हणजे तीच अंतिम ठरते, आणि ती नाकारणारा विद्यार्थी पुढील कॅप फेऱ्यांतून बाहेर पडतो. जिथे जायचेच नाही ते नाव केवळ मित्राने लिहिले म्हणून वरच्या ओळीत लिहू नये. यादी भरल्यावर ती निश्चित करावी लागते, नुसती जतन केलेली यादी फेरीत धरली जात नाही.

गोठवली न गेलेली जागा मिळाल्यास ती स्वीकारून पुढील फेरीत सुधारणेची वाट पाहता येते. तेव्हा 1000 रुपये जागा स्वीकृती शुल्क ऑनलाइन भरायचे असते. पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची आपसूक रद्द होते, त्यामुळे नवीन यादीत हातातल्या जागेपेक्षा खरोखर चांगली वाटणारीच नावे वर ठेवावीत.

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि इतर मागासवर्ग यांतील, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन पूर्णपणे देते. परंतु प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर वेगळा करावा लागतो.

शेवटी मिळालेल्या महाविद्यालयात मूळ कागदपत्रे आणि शुल्क घेऊन दिलेल्या मुदतीत हजर राहायचे असते. काही मूळ दाखले तिथे जमा करावे लागू शकतात, म्हणून त्याआधी प्रत्येकाच्या किमान तीन छायाप्रती आणि मोबाइलमध्ये एक स्पष्ट पीडीएफ करून ठेवावी, कारण वसतिगृहापासून शिष्यवृत्तीपर्यंत प्रत्येक खिडकीवर त्या पुन्हा मागितल्या जातात.