तांबी: बसवण्याआधी आणि बसवल्यावर

तांबी म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी. ती बसवायला नवऱ्याची सही लागत नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. कुणी सही मागितलीच, तर सरकारी नियमात ती अट नाही, हे ठामपणे सांगा. सासूबाई सोबत असतील तर सिस्टरना आधीच सांगून ठेवा, मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की वाशीचं महापालिका रुग्णालय, सरकारी तांबी मोफत असते. तिचे दोन प्रकार: ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. कोणती बसवली आणि कधी बदलायची, हे कार्डावर लिहून घ्या.

पाळी सुरू झाल्यापासून १२ दिवसांत बसवणं सोयीचं. दिवस राहिले नाहीत याची खात्री असेल तर एरवीही बसवता येते. बाळंतपणानंतर ४८ तासांत, नाहीतर सहा आठवड्यांनी. प्रसूतीच्या वेळी बसवायची असेल तर होकार गरोदरपणातच, शांतपणे विचार करून द्यावा. कळा सुरू असताना घेतलेला होकार हा खरा होकार नव्हे. घरी निघताना डिस्चार्ज कार्डावर तांबीची नोंद आहे का, ते नक्की वाचा.

ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल किंवा अंगावरून रक्त का जातंय याचं निदान झालं नसेल, तर आधी तपासणी आणि उपचार. तांबीत हार्मोन नसतात, पण पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त जातं, पोटही जास्त दुखतं. अंगात रक्त कमी असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा.

पाळी संपली की धागा तपासायचा. हात धुऊन उकिडवं बसा, मधलं बोट आत सरकवा. नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं ते गर्भाशयाचं तोंड. तिथे नायलॉनसारखे दोन बारीक धागे लागतात. ओढायचे नाहीत. धागे लागलेच नाहीत, किंवा कडक प्लास्टिक लागलं, तर तांबी सरकलेली असू शकते. तपासणी होईपर्यंत निरोध वापरा. पाळी चुकली, ताप आला किंवा घाण वासाचं पांढरं जाऊ लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नवऱ्याला धागा टोचत असेल तर तो फार आखूड कापला गेलेला असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

काढायची वेळही तुम्हीच ठरवायची. मुदत संपायची वाट पाहावी लागत नाही, कारणही द्यावं लागत नाही. चिमट्याने धागा हळू ओढतात, बहुतेकदा दोन-चार मिनिटांचं काम. त्यानंतर लगेच दिवस राहू शकतात. तसं नको असेल तर काढण्याआधीचे सात दिवस निरोध वापरा, किंवा त्याच वेळी नवी बसवून घ्या.