लस राहून गेली? कार्ड शोधा आणि निघा

बाळंतपणाला चिपळूणला गेलेली मी गणपती करूनच भांडुपला परतले. लेकाचा १४ आठवड्यांचा डोस त्यामुळे पार साडेपाच महिन्यांवर गेला. सासूबाई म्हणाल्या, "आता सगळं पहिल्यापासून टोचतील." तसं काही नसतं. राहिलं तिथूनच पुढे चालू होतं. पेंटा म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस; तिच्या दोन डोसांमध्ये किमान ४ आठवडे हवेत. जास्त गेले तरी आधीचे डोस फुकट जात नाहीत.

पहिलं काम, कार्ड. आमचं माहेरी ट्रंकेत, साडीच्या घडीत राहिलेलं. भावाने फोटो पाठवला, त्यावर भागलं. मग पालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाचा वार विचारा. लस मोफत असते. सिस्टरला प्रत्येक तारीख दाखवा, पुढची तिथेच लिहून घ्या.

नाक वाहतंय म्हणून घरी बसू नका, साध्या सर्दीत लस देतात. अंगात चांगलाच ताप असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मात्र उशिरालाही मर्यादा आहे. सरकारी वेळापत्रकात बीसीजी, म्हणजे क्षयरोगावरची लस, वर्षाच्या आतच मिळते. गोवर-रुबेलाची ९ महिन्यांची लस चुकली तर ५ वर्षांपर्यंत देतात, पण तेवढं थांबायचं कशाला? २०२२ मध्ये गोवंडीत गोवराने काय केलं ते मुंबईने पाहिलंय.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. मांडीला गाठ आली तर चोळू नका. आमच्याकडे खोबरेल तेलाची वाटी तयार होती, ती मी गुपचूप फळीवर ठेवली.