खणू नका, झाका : पुठ्ठा, पालापाचोळा आणि गांडुळं

नव्या घरापुढची जमीन म्हणजे बहुतेकदा धुमसून बसवलेला मुरूम आणि त्यावर दाखवण्यापुरती पसरलेली लाल माती. कुदळ मारली की हाताला झिणझिण्या येतात. अशा जागी मी खणण्याच्या भानगडीत पडत नाही. जमीन झाकून ठेवतो आणि खणायचं काम गांडुळांवर सोडतो.

वाफा घालायला मेअखेर उत्तम, कारण पुढचं पाणी पाऊस घालतो. पानं मात्र फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीतच गोण्यांत भरून ठेवा. नाहीतर कोणीतरी ती जाळून टाकतं. किती लागतील? २ मीटर लांब, १ मीटर रुंद वाफ्यावर २० सेंटिमीटर थर द्यायचा तर ४०० लिटर, म्हणजे २० लिटरच्या वीस बादल्या. रुंदी मीटरभरच ठेवा; दोन्ही बाजूंनी हात पोचला की वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. गुलमोहर, वर्षावृक्ष यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, बदाम यांची जाड पानं चुरूनच घ्या.

आधी एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर जमिनीत निचरा नाही. वाफा उंच करा आणि कडेने चर काढा. कोकणात तर वाफ्याला दगडांची कड हवीच, नाहीतर पहिल्या मोठ्या सरीत सगळं शेजाऱ्याकडे.

आता तण विळ्याने जमिनीलगत कापून तिथंच आडवं पाडा. गाजरगवत फुलावर आलं असेल तर ते मात्र बाहेर काढा. लव्हाळा पुठ्ठ्याला जुमानत नाही, टोक काढून वर येतोच. त्याच्या गाठी आधी खणून काढाव्या लागतात (खणायचं नाही म्हटलं, पण याला इलाज नाही). पहारीने वीत-वीत अंतरावर भोकं पाडा, माती उलथू नका, आणि चांगलं भिजेपर्यंत पाणी द्या. वर दोन-तीन घमेली जुनं शेणखत पसरा. ताजं शेण तापतं, ते नको.

मग खोक्यांचा साधा तपकिरी पुठ्ठा. चिकटपट्ट्या, पिना काढा. चकचकीत, रंगीत छपाईचा घेऊ नका. पुठ्ठा बादलीत बुडवून लिबलिबीत झाला की अंथरा आणि कडा वीतभर एकमेकींवर चढवा. फटीतून हरळी हमखास डोकावते. त्यावर पानांचा थर, मधेमधे स्वयंपाकघरातली सालं आणि शेवटी दोन बोटं कंपोस्ट. सालं उघडी ठेवलीत तर उंदीर येतील. पुठ्ठा कोरडा पडला तर वाळवी लागते, म्हणून पाऊस लांबला तर झारी हातात घ्या.

आता गांडुळं. ती विकत आणून इथं सोडू नका. मी एकदा आणली होती. महिनाभरात एकही दिसेना. गांडूळखतासाठी मिळतात ती बहुधा आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस जातीची. ती कुजत्या शेणात, पाल्यात राहतात, मातीत खोल बिळं करत नाहीत. आपल्याला हवीत ती जमिनीतली देशी गांडुळं, आणि ओल, अंधार नि खाणं मिळालं की ती आपणहून येतात. पाला खाली ओढून नेतात, आणि त्यांच्या बिळांतून हवा-पाणी आत उतरतं. इंग्लंडमधली गांडुळं पानं बहुतेक वेळा टोकदार बाजूने धरून बिळात ओढतात, हे डार्विनने १८८१ साली लिहून ठेवलंय. आमच्याकडची काय करतात ते पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन बघा! ती राहावीत असं वाटत असेल तर रासायनिक कीटकनाशक वाफ्याच्या आसपासही नको.

लागवडीला थांबायची गरज नाही. पुठ्ठ्यात फुलीसारखी चीर पाडून त्यात ओंजळभर कंपोस्ट घाला आणि भोपळा, दोडका किंवा वांग्याचं रोप लावा. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड सडतं. पावसाळ्यात पाल्याखाली गोगलगायी दडतात. संध्याकाळी वेचून काढा. हात घालण्याआधी काठीने पाला हलवायला विसरू नका, तिथं साप-विंचूही आसरा घेतात.

दसऱ्याच्या सुमारास एका कोपऱ्यातला पाला बाजूला करा. पुठ्ठा बराचसा विरघळलेला आणि मातीवर गोळ्यागोळ्यांची काळसर विष्ठा दिसली तर काम मार्गी लागलंय. मेथी पेरायची असेल तर तेवढ्या पट्ट्यातलं आच्छादन सारून पेरा आणि रोपं बोटभर झाली की परत ओढून घ्या. थर बसून चार बोटांवर आला की नवा पाला.